सपाट तळाची होडी

बदक दिसलं की माझं डोकं फिरतं. आमच्या गावच्या तळ्यावर कुणीतरी हौसेनं चार बदकं आणून सोडली आहेत. घरातली पोरं त्यांना पाव घालायला जातात, मलाही ओढून नेतात, आणि मी तळ्याकडे पाठ करून बसतो. पोरांना वाटतं मी तिरसट आहे. आहेच. पण हा राग मी यान्बूहून बरोबर आणला, आणि त्यात बदकांचा काही दोष नाही एवढं मलाही कळतं.

यान्बू म्हणजे सौदीतलं, तांबड्या समुद्राकाठचं कारखान्यांचं शहर. दोन हजार सालानंतर मी तिथे सात वर्षं काढली. शहराबाहेर आमचं फॅब्रिकेशनचं यार्ड होतं. टाक्या, पाइप, शिड्या, कठडे बनवायचे आणि कारखान्यांना पोचवायचे. मी आर्गन वेल्डर. अ‍ॅल्युमिनियमचं पातळ काम माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत, आणि ही गोष्ट मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायचोच.

स्टोअरवर चाचा होते. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या मोहल्ल्यातले. तरुणपणी ते मचव्यावर तांडेल होते, म्हणजे अख्खी होडी आणि तिच्यावरची माणसं त्यांच्या हुकमावर चालायची. मग ते सौदीला आले आणि बावीस वर्षं जाळीमागे बसून हातमोजे, चष्मे आणि ग्राइंडरच्या चकत्या वाटत राहिले. मी देवगडकडचा. आमच्या घरी वडिलांची मासेमारीची होडी, त्यामुळे माझी आणि चाचांची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. ते मला ‘आंबेवाल्या’ म्हणायचे. तुमच्याकडचे लोक आंबे खाऊन सुस्तावतात आणि किनारा दिसेनासा झाला की रडायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचो, चाचा, तुमची खाडी म्हणजे आमच्याकडची गुरं धुवायची जागा. दुपारच्या जेवणाला हे रोज चालायचं.

चाचांना तीन मुली. पहिल्या दोघींच्या निकाहला ते पोचले नव्हते. एकदा यार्डात मोठं काम होतं म्हणून सुट्टी मिळाली नाही, एकदा कागद कुठल्या तरी टेबलावर अडकला. तिसरीचा निकाह डिसेंबरातल्या एका शुक्रवारी ठरला, तेव्हा त्यांनी ठरवलं की आता जायचं ते कायमचंच. त्यांनी कफीलकडे खुरूज मागितला, म्हणजे देश सोडून जायचा शेवटचा परवाना. कफील आमच्या यार्डाचा मालक. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या ऑफिसातल्या कपाटात, आणि त्याच्या सहीशिवाय कुणाला विमानतळाची पायरी चढता येत नसे. मोठ्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं दुसऱ्याची सही मागत फिरावं लागतं, ह्या गोष्टीचा मला तेव्हा संताप यायचा आणि आजही येतो.

कफील तेव्हा हसला, ‘इन्शाल्ला’ म्हणाला, आणि त्याच आठवड्यात ट्रेलरवर एक होडी घालून घेऊन आला.

परत मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन इंजिनियरकडून त्याने ती घेतली होती. पुरती अ‍ॅल्युमिनियमची, चौदा फूट लांब, पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. पुढे नाळ नाही, टोक नाही, डबा कापल्यासारखी चौकोनी. तळ सपाट. उलटी घातली तर तिच्यावर बसून जेवता आलं असतं. मी हसलो. म्हटलं, चाचा, ही होडी आहे की परात?

कफीलला तिच्यातून बदकांची शिकार करायची होती. शहराचं सांडपाणी शुद्ध करून वाळवंटात सोडत, तिथे एक लांबरुंद तळं झालं होतं. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं त्यात उतरायची. त्याला होडीत लपून बसायला आडोसा पाहिजे होता, उभं राहून बार काढायला पुढे फळी, बंदुका ठेवायला घोडी, आणि बदकांच्या डोळ्यांवर चमकणार नाही असा मातकट रंग. चाचांच्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला, “तुम कॅप्टन, तुम बनाओ. बोट खलास, फिर बतख खलास, फिर तुम्हारा खुरूज.” आणि तळाकडे बोट दाखवून दोनदा बजावलं, “नीचे हात मा फी. मा फी!” खाली हात लावायचा नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

म्हणजे एका बापाने मुलीच्या लग्नाला जायचं की नाही, हे बदकांवर ठरणार होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, चाचा, तुम्ही काही बोलला का नाहीत? चाचा म्हणाले, “बोलून काय होतां? होडी तर होडी. दीड महिना हाय. लवकर हात चालव.”

हात चालवले. मधली दोन बाकडी कापून काढली. पुढे चेकर्ड प्लेटची फळी बसवली. दोन्ही कडांना बिजागऱ्या लावून पाइपच्या कमानी केल्या. त्या वर ओढल्या की त्यांच्यावर जाळं यायचं, जाळ्यात लव्हाळं खोचलं की आतला माणूस दिसेनासा व्हायचा. ऑफिसातली मोडकी फिरती खुर्ची पाय कापून आत बसवली, ही कल्पना माझी. पायांचा आवाज होऊ नये म्हणून चाचांनी कफीलच्या मजलिसमधला, म्हणजे बैठकीच्या खोलीतला, जुना लाल गालिचा मागून आणला आणि तळावर अंथरला. कफील एक पिशवी भरून प्लास्टिकची बदकं देऊन गेला होता. पाण्यावर सोडली की खरी बदकं त्यांना भुलून खाली येतात म्हणे. चाचांनी त्यातलं एक स्टोअरच्या खिडकीत ठेवलं, आणि हातमोजे मागायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, “पहिला साहेबाला सलाम कर.” खोटं कशाला बोलू, ते काम करताना मजा आली. पाइपच्या कारखान्यात वर्षानुवर्षं एकच सांधा मारणाऱ्या माणसाला होडी हाताला लागली की काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग आम्ही ती समुद्राच्या एका फाट्यावर नेऊन तरंगवून पाहिली. यान्बूला दुपारचा वारा सुटतो तो सुटतोच. मी वल्हं मारतोय पुढे, आणि होडी सरकतेय आडवी. नाक उत्तरेला धरावं तर ती पूर्वेला. काठावर चाचा पोट धरून हसत होते. “आंबेवाल्या, घरी चाललास काय?”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या घरी होडी बांधायची म्हणजे पहिल्यांदा तळाचा कणा ठेवतात, मधोमध, नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध लाकूड. त्याची पूजा होते, त्याला नारळ मिळतो, मग बाकीची होडी त्याच्यावर उभी राहते. माझ्या वडिलांनी मला अक्षरओळखीच्या आधी हे शिकवलं होतं. आणि मी, त्यांचा मुलगा, एका परातीत बसून वाऱ्याबरोबर आडवा वाहत चाललो होतो. चढून काठावर आल्यावर मी म्हटलं, चाचा, ह्याला कणा लावल्याशिवाय मी सोडणार नाही. वारा आला तर हा बंदूक घेऊन उभा असलेला कफील सरळ पाण्यात जाईल.

चाचा हसायचे थांबले. “सांगितलान हाय तेवढां कर. त्याची होडी, त्याचां पाणी. खाली हात लावू नको.”

“तुम्ही तांडेल, आणि तुम्ही असं म्हणता?”

“मी आता स्टोअरकीपर हाय,” चाचा म्हणाले. “मला घरी जायचां हाय.”

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पुढच्या गुरुवारी चाचा लग्नाच्या खरेदीला जेद्दाला गेले. शराफियात आपल्या लोकांची दुकानं आहेत, तिथून ते ब्लँकेट, अत्तर आणि मुलीसाठी हिरव्या खड्यांची चप्पल आणणार होते. मी त्या दोन दिवसांत होडी उलटी घातली, चार इंच रुंदीची जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेतली, आणि बारा फूट लांबीचा कणा तळाला उभा लावला. पातळ पत्र्यावर जाड पट्टी जोडणं म्हणजे खेळ नव्हे. जरा जास्त आच लागली तर पत्र्याला भोक पडतं. मी एकही भोक पडू दिलं नाही. इतकी सरळ, इतकी एकसारखी वेल्डिंगची ओळ मी आयुष्यात परत काढली नाही. नंतर मातकट रंग मारून होडी ट्रेलरवर चढवली. ट्रेलरच्या दोन फळ्यांच्या मधे तो कणा असा काही लपला की बाहेरून काही दिसत नव्हतं.

चाचांना मी सांगितलं नाही. कफील बदकं मारून खूश होऊन आला की मग सांगू, त्यांना म्हणू, बघा, आंबेवाल्याने होडी केली की नाही. हे मनात घोळवत मी दोन दिवस शीळ घालत हिंडत होतो. मूर्ख माणूस!

शिकारीच्या दिवशी पहाटेची नमाज आटोपून कफील गाडी घेऊन आला. बरोबर त्याचा एक पाहुणा, इस्त्री केलेल्या पांढऱ्याशुभ्र तोबमध्ये, म्हणजे पायघोळ अंगरख्यात. होडी पाण्यात ढकलायला आम्हा दोघांना मागे बसवलं. तळ्यावर पोचलो, चाचा ट्रेलरचा दोर सोडायला खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“ह्यां काय केलांस?”

“चालेल चाचा. आता आडवी सरकणार नाही.”

“इथं पाणी किती हाय, विचारलांस काय?”

मी विचारलं नव्हतं. समुद्राच्या काठी जन्मलेल्या माणसाला पाणी म्हणजे खोल, एवढंच ठाऊक. उजाडत होतं, आणि तळ्यात थोड्या अंतरावर एक बगळा उभा होता. त्याचे गुडघेसुद्धा भिजले नव्हते.

चाचा कफीलकडे गेले, अरबीत काहीतरी बोलू लागले. कफील पाहुण्याच्या हातात कॉफीचा थर्मास देत होता. त्याने मागे न बघता हात हलवला. “यल्ला, यल्ला.” चला, चला.

आम्ही ढकललं. काठाजवळ ट्रेलर उतरवायला खणलेला चर होता, त्यात होडी छान तरंगली. कफील फिरत्या खुर्चीत बसला, पाहुणा मागे, शेपटीला लावलेलं छोटं इंजिन सुरू झालं. प्लास्टिकची बदकं पाण्यावर सोडली. वीसेक हात गेले असतील आणि माझा तो सुंदर, सरळ कणा चिखलात रुतला. इंजिन ओरडायला लागलं. मागे काळा गाळ उसळला. तळ सपाट असता तर होडी त्या गाळावरून घसरत गेली असती, त्यासाठीच तर ती तशी बनवलेली. आता ती चार इंचांच्या पट्टीवर उभी होती, भिंतीच्या कडेवर ताट ठेवावं तशी. कफील काय झालं ते बघायला उठला. होडी डावीकडे कलली. खुर्ची फिरली. जाळी, लव्हाळं, बंदूक, थर्मास, पाहुणा, कफील, सगळं एका बाजूने खाली आलं.

तळ्यावरची सगळी खरी बदकं उडाली. आमच्या डोक्यावरून दोन फेऱ्या मारून निघून गेली. प्लास्टिकची तेवढी राहिली.

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी आठ दिवस हसलो असतो. कफील कमरेपर्यंत काळा होऊन काठावर आला, होडी ओढून उलटी करायला लावली, आणि तळाकडे बघून ओरडला, “एश हादा? एश हादा?” हे काय आहे? मग आमच्या दोघांकडे बघून, “कौन किया?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण दिवसातून एकदा तरी स्वतःच्या वेल्डिंगची फुशारकी मारणारा मी, तीच वेल्डिंग समोर उन्हात उघडी पडली असताना ‘मी केलं’ एवढं म्हणू शकलो नाही. डोक्यात एकच, हा मला उद्याच्या विमानात बसवील. घरी बहिणीचं शिक्षण चालू होतं, आणि त्या क्षणी मला फक्त तेच आठवलं.

चाचा पुढे झाले. “मैंने बोला था,” म्हणाले. “मैं कॅप्टन.”

कफील त्यांना काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. ‘मुख मा फी’ हे त्यातलं सगळ्यात सौम्य, म्हणजे डोकं नावाची गोष्ट नाही. ज्याने समुद्रात माणसं नेली आणि परत आणली त्याला हे एका डबक्याच्या काठी ऐकावं लागलं, आणि मी शेजारी उभा राहून माझ्या बुटांवरचा चिखल बघत होतो. शेवटी कफील म्हणाला, ही पट्टी काढा, तळ होता तसा करा, तोपर्यंत खुरूज मा फी.

निकाहला बारा दिवस उरले होते.

परतताना मी चाचांना म्हटलं, का बोललात तुम्ही? मी सांगणार होतो.

“कदी?” चाचांनी विचारलं. एवढंच. त्यात टोमणाही नव्हता. त्यांनी शिव्या घातल्या असत्या, एक कानफटात दिली असती तर बरं झालं असतं. न चिडणाऱ्या माणसाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

लावायला दोन दिवस लागले ते काढायला बारा पुरले नाहीत. जाड पट्टी पातळ पत्र्यात विरघळून एकजीव झाली होती. ग्राइंडरने कापताना जरा हात खाली गेला की पत्रा फाटायचा. फाटलं की ठिगळ, ठिगळाच्या आचेने पत्रा वाकायचा, वाकलं की लाकडी हातोडीने ठोकून सरळ. त्यात यार्डाचं रोजचं काम संपल्यावरच होडीला हात लावायची परवानगी. चाचा स्टोअरमधून चकत्या आणून द्यायचे आणि परत जायचे. मी दोनदा कफीलच्या ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. एकदा तो नव्हता. एकदा होता, आणि मी पाणी पिऊन परत आलो. हेही लिहून टाकतो, म्हणजे कुणी मला चांगला माणूस समजायला नको.

तो शुक्रवार उजाडला. यार्डाला सुट्टी. मी जुम्म्याच्या वेळेला सगळे मशिदीत गेलेले पाहून एकटाच होडीपाशी आलो आणि दात-ओठ खात कापत सुटलो. आता त्या कापण्याला काही अर्थ नव्हता. विमान गेलं होतं. तरी मी कापत होतो. ठिणग्या अ‍ॅल्युमिनियमच्या पडत नाहीत, नुसती करडी भुकटी उडते, ती तोंडावर, दातांत, पापण्यांवर. त्या आवाजात मला चाचा आलेले कळलेच नाहीत. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी, अत्तराचा वास. हातात मोबाइल.

“ग्राइंडर बंद कर जरा,” ते म्हणाले. “पाच मिन्टां. नमाज सुटली, खोलीत सगळे टीव्ही लावून बसलेत, ऐकू येत नाय.”

मी बंद केला. चकती फिरत फिरत थांबेपर्यंत ते फोन कानाला लावून वाट बघत होते. मग उलट्या घातलेल्या होडीच्या तळावर बसले. पलीकडे त्यांच्या भावाने फोन धरला असणार. एवढ्या शांततेत मलाही तो बारीक आवाज ऐकू येत होता, माणसांची गजबज, कुणीतरी ‘आवाज कमी करा’ म्हणतंय, मग काझींचं बोलणं, मग एका तरुण पोराचा घोगरा ‘कबूल’. चाचांचा मोकळा हात तळावरून फिरत होता. माझ्या अर्धवट कापलेल्या पट्टीपाशी येऊन तो थांबायचा, परत मागे जायचा. शेवटी ते ‘आमीन’ म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

“चाचा,” मी म्हटलं, “मी आत्ता जाऊन कफीलला सांगतो. मी केलं म्हणून.”

“आता नको,” चाचा म्हणाले. “आता झाला निकाह.”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत खजूर होते. मी हात पुढे केला, आणि तो त्या करड्या-काळ्या भुकटीने कोपरापर्यंत भरलेला पाहून मागे घेतला.

“राहू दे,” चाचा म्हणाले. “तोंड उघड.”

मी तोंड उघडलं. त्यांनी बी काढून खजूर माझ्या तोंडात घातला, लहान मुलाला घालतात तसा, आणि बोटं रुमालाला पुसली. मग त्यांनी वाकून पट्टी किती उरलीय ते वितीने मोजलं.

“सात फूट,” म्हणाले. “चालव.”

मी ग्राइंडर सुरू केला.